फियाटची उचकी

माझ्या उजव्या पायात दोष आहे, यावर आमच्या घरात एकमत झालं होतं. आमच्याकडे आमटीत मीठ कमी की जास्त यावरसुद्धा कधी एकमत होत नाही, पण माझ्या पायावर झालं. बाबा तेच म्हणायचे, धाकटा भाऊ अल्पेश तेच म्हणायचा, आणि ज्याचा आमच्या घराशी काडीचा संबंध नाही तो अंबरनाथचा मिलिंद मेकॅनिकसुद्धा शेवटी तेच म्हणायला लागला.

मी काही लंगडत नाही. दोष फक्त गाडी चालवताना दिसायचा. थांबलेली गाडी पुढे काढायची म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आमची फियाट एक मोठी उचकी द्यायची, अख्खी हलायची, आणि मग एकतर रडतखडत निघायची नाहीतर जागच्या जागी बंद पडायची. एकदा पळायला लागली की काही तक्रार नाही. बोंब होती ती फक्त निघतानाची. निघताना पाय माझा, म्हणून दोष माझा. झाला निकाल.

माझं नाव जिज्ञासा. आमचं गाव बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या पुढे. थोडी भातशेती अजून आहे, बाकीच्या शेतात आता बिल्डिंगी उगवल्यात. मी आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. ही गोष्ट दोन हजार चारची, दसऱ्यापासून थंडीपर्यंतची.

गाडी बाबांची. जुनी पद्मिनी, पण आम्ही फियाटच म्हणायचो. रंग दुधाळ चहाचा. गुडघे दुखायला लागल्यावर बाबांनी चालवणं सोडलं, आणि अल्पेशला नवीन मोटरसायकल होती, त्याला या डब्यात बसायची लाज वाटायची. त्यामुळे फियाट अंगणात उभी असायची आणि कोंबड्या तिच्याखाली झोपायच्या. मी ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं आणि बाबांच्या मागे असा लकडा लावला की शेवटी दसऱ्याच्या दिवशी त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली.

दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. आमची आई मोतीबाई पूजेच्या बाबतीत फार कडक. गाडीला बाहेरून हार घातला म्हणजे झालं, हे तिला पटत नाही. "कुंकू कपालाला लावतात, पाठीला नाय," असं म्हणून तिने बॉनेट उघडायला लावलं. मी तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते. आरसा असा फिरव, तसा फिरव, माझंच मला कौतुक. समोर बॉनेट उभं, त्यामुळे दिसत काही नव्हतं, नुसता आईच्या लुगड्याचा काठ. पेट्रोलपाशी उदबत्ती नेऊ नको म्हणून बाबा ओरडत होते. मधेच अल्पेश म्हणाला, "ताई, अ‍ॅक्सिलरेटर दाब जरा." मी दाबला. "सोड. आता परत दाब." परत दाबला. आईचं काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. मग नारळ फुटला, आपट्याची पानं वाटून झाली आणि आम्ही जेवायला बसलो.

आता मला गाडी कशासाठी हवी होती तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीला मिरवायचं होतं. मिरवायचंही होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी मी अल्पेशच्या मागे बसून कामाला जायचे. हा उठणार कधी, केसांना जेल लावणार कधी, आणि मी पोचणार कधी. सुटल्यावर तर कंपनीच्या गेटबाहेर ताटकळत उभं राहायचं. लॅबमध्ये माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नव्हता, आणि मी स्वतः मात्र धाकटा भाऊ आल्याशिवाय गेटवरून हलू शकत नव्हते. जाणारे येणारे बघायचे. टँकरवाले तर बघायचेच. दसऱ्यानंतर फियाट घेऊन कामाला गेले त्या पहिल्या संध्याकाळी मी गेटमधून थेट बाहेर पडले, कुणाची वाट न बघता, आणि काच खाली करून एकटीच मोठ्याने गायले. ते मला परत कुणाला द्यायचं नव्हतं.

पण उचकी त्याच दिवशी सकाळी सुरू झाली होती.

आमच्या गावाचा रस्ता चढून हायवेला मिळतो. तिथे थांबायचं, टँकरांच्या रांगेत फट दिसली की झटकन गाडी काढायची. हळू काढून चालत नाही, तोवर पुढचा टँकर येतो. आणि नेमकं झटकन काढायला गेलं की फियाट उचकी देऊन बंद. मागे हॉर्न. बाजूला रिक्षा स्टँड. स्टँडवर हरिचंद्रकाका, बाबांच्या लहानपणापासूनचे दोस्त. पहिल्या दिवशी त्यांनी प्रेमाने धक्का मारला. नंतर नंतर मी लांबून दिसले तरी ते बाकीच्या रिक्षावाल्यांना हाक द्यायचे, "चला रे, अनंताची पोर आली, हात लावा." मी काचेतून हसायचे आणि मनात दात खायचे.

पेट्रोल भेसळीचं असेल म्हणून पंप बदलून पाहिला. काही फरक नाही. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "सरक, मी बघतो." बाबांचा पाय म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर अंडं ठेवलंय आणि ते फुटू द्यायचं नाही, असा. टँकरांची अख्खी रांग जाऊ दिली, मागच्या रिक्षांना पुढे घातलं, आणि रस्ता अगदी मोकळा झाल्यावर गाडी अशी काढली की मला वाटलं आम्ही उतारावर आहोत. उचकी नाही, काही नाही.

"बघ," बाबा म्हणाले. "गारीत कायच नाय. तुझा पाय जड हाय."

मी म्हटलं, "बाबा, असं निघाले तर मी जेवणाच्या सुट्टीत पोचेन."

शेवटी मिलिंदकडे गेले. अंबरनाथला बुवापाड्याच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. जुन्या फियाटचा माणूस म्हणून त्याचं नाव होतं, आणि त्या नावाची त्याला स्वतःलाच सगळ्यात जास्त खात्री होती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, दोन्ही रोज पुसलेले, बाकी सगळं गॅरेज तेलाने माखलेलं. त्याने इंजिन चालू करून डोळे मिटून आवाज ऐकला. "कार्बोरेटर," म्हणाला. "गाडी ठेवून जा ताई, संध्याकाळी या."

"आधी एक चक्कर मारून बघा ना," मी म्हटलं.

"आवाजावर कळतं ओ. तुम्ही लॅबमध्ये काय पिऊन बघता का सगळं?"

संध्याकाळी त्याने मला शेजारी बसवून ट्रायल दिली. थांबवली, दाबली, सुटली. थांबवली, दाबली, सुटली. बाणासारखी. मी मनात त्याची माफी मागितली. गॅरेजला येऊन त्याने हात धुतले, बॉनेट उघडून शेवटचा हात फिरवला, बंद केलं आणि चावी दिली. मी गाणं म्हणतच निघाले. पहिल्याच वळणावर थांबून गाडी काढली, आणि उचकी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी परत त्याच्या दारात. या वेळी त्याने प्लग बदलले, पॉइंट घासले, पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. परत ट्रायल, परत बाण. चावी हातात घेतली, वळणावर गेले, परत उचकी. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मिलिंद एकदम गोड आवाजात बोलला. माणूस गोड बोलायला लागला की समजावं काहीतरी वाईट येतंय.

"ताई, राग नका मानू," तो म्हणाला. "माझ्याकडे गाडी एक नंबर चालते. तुमच्याकडे गेली की नाटकं करते. म्हणजे बघा, पाय..."

"पायाचं नाव काढू नका," मी म्हटलं. आणि गाडी तशीच परत घेऊन आले.

त्याच आठवड्यात बाबांनीही निर्वाणीचं सांगून टाकलं. हरिचंद्रकाकांनी गावात देवळापुढे माझ्या धक्क्याची नक्कल करून दाखवली होती, आणि सगळे पोट धरून हसले होते. बाबांना ते लागलं. "अल्पेशचा तो उल्हासनगरचा दोस्त हाय ना, मुकेश," ते जेवताना म्हणाले, "त्याला जुन्या गाऱ्या पायजेत, लग्नाच्या वरातीला सजवायला. रविवारी येतोय. तोवर गारी नीट झाली तर ठेव. नाय झाली तर देऊन टाकू. रोज गावाने ढकलायची गारी मना नको दारात."

अल्पेश म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ, मी सोडेन ना तुला." एवढ्या चांगुलपणाने म्हणाला की मला त्याच्या ताटातला मासा उचलून घ्यावासा वाटला. घेतलाच. आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

मी ठरवलं, अख्खा कार्बोरेटरच नवा घ्यायचा. त्यासाठी उल्हासनगरला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात म्हातारे सिंधी शेठ बसले होते, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी पूर्ण कहाणी ऐकून घेतली. मधे एकदाही पाय म्हणाले नाहीत. तिथेच मला हा माणूस आवडला.

"बेटी, नया कार्बोरेटर मैं बेच दूंगा, मुझे क्या," ते म्हणाले, आणि मग मराठीत आले. "पण आधी पंप बघ. थांबलेली गाडी एकदम पळवायची तर इंजिनाला पहिला घोट जास्त लागतो. तुला नाही, सकाळी उठल्यावर चहा लागत? तसा. तो घोट द्यायला कार्बोरेटरला एक छोटा पंप असतो. पाय जोरात दाबला की तो पेट्रोलची पिचकारी मारतो. हळू दाबला तर पिचकारीशिवाय पण चालतं."

मी म्हटलं, "म्हणून बाबांच्या हातात उचकी लागत नाही."

"तेच तर. आता असं कर. इंजिन बंद ठेव, एअर फिल्टर काढ, वरून आत बघ आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांग. पिचकारी दिसली पाहिजे." त्यांनी पंपाचा एक रबरी पडदा पुडीत बांधून दिला आणि हेही सांगितलं की पडदा नवा घालूनही पिचकारी आली नाही, तर पडद्याला दोष देऊ नकोस.

शुक्रवारी मिलिंदने पडदा बदलला. मी शेजारी उभी राहून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावले. त्याने हाताने पंपाची दांडी ओढली आणि आत पेट्रोलची बारीक, सरळ पिचकारी उडाली. "दिसली?" "दिसली." ट्रायल झाली, बाण. तेवढ्यात कंपनीतून फोन आला म्हणून मी बाहेर जाऊन बोलत राहिले, आत आले तोवर बॉनेट बंद होतं आणि चावी तयार. वळणावर उचकी लागली तेव्हा मला रागही आला नाही. इतका राग संपला होता.

पण शनिवारी सकाळी अंगणात मी स्वतः बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढला, अल्पेशला सीटवर बसवला. "दाब," मी म्हटलं आणि आत डोकावले. पिचकारी नाही. "जोरात दाब." एक थेंब ओघळला, बस. कार्बोरेटरच्या अंगाला बाहेरून किती वायरी, किती नळ्या, सगळं तेलाने काळं, त्यात मला काय कळणार. पण एक गोष्ट कळली, आणि मी ताठ उभी राहिले.

"अल्प्या," मी म्हटलं, "पाय कुणाचा आहे?"

"माझा."

"पिचकारी येत नाहीये."

"मग?"

"मग बाबांना जाऊन सांग, पाय तुझा होता."

तो गेला नाही, पण त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. मला इतकं हलकं वाटलं की कोंबड्यांना मूठभर जास्तीचे दाणे टाकले. आता प्रश्न साधा होता. काल गॅरेजमध्ये पिचकारी होती, आज अंगणात नाही. आमच्या लॅबमध्ये असं झालं, एकाकडे सँपल पास आणि दुसऱ्याकडे नापास, तर आम्ही सँपलला शिव्या देत नाही. मधल्या वाटेत त्याला कुणी काय केलं ते शोधतो.

अर्धा दिवस काम करून मी मिलिंदकडे गेले. "आज गाडी ठेवून जाणार नाही," मी सांगितलं. "तुम्ही रोज जे करता ते सगळं माझ्यासमोर करायचं. पहिल्यापासून चावी देईपर्यंत. काही वगळायचं नाही, काही नवीन करायचं नाही."

"परीक्षा घेताय का?"

"घेतेय."

त्याने हसून बॉनेट उघडलं. आणि काय केलं, तर आधी हात फडक्याला स्वच्छ पुसले. मग वाकून कार्बोरेटरच्या बाजूची काहीतरी काळी दोरी सावकाश सोडवली, एकेक वेढा उलगडत. आणि ती नेऊन फोटोंच्या शेजारच्या खिळ्याला लावली. मग पाने उचलले.

"ते काय होतं?" मी विचारलं.

"तुमचा धागा."

"कसला धागा?"

"ताई, असं काय करता? तुमच्या घरचा देवाचा धागा. पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं तेव्हाच बघितला. काम करताना हात तेलाचे असतात ना, म्हणून आधी सोडून ठेवतो. सगळं झालं, ट्रायल झाली, की हात धुऊन परत बांधतो. होता तिथेच. वेढे तेवढेच, गाठ तशीच."

मी खिळ्यापाशी गेले. तेलाखाली, अगदी आत, लाल रंग दिसत होता. आमच्या गावदेवीच्या देवळात मिळतो तो नाडा. मला अंगणातला दसरा आठवला, बॉनेटच्या पलीकडचं पुटपुटणं, आणि अल्पेशचं दाब, सोड, परत दाब.

"मिलिंदभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही तर धागेदोरे मानत नाही."

"आमच्यात नाहीतच," तो म्हणाला. "म्हणून तर जास्त जपला. उद्या कुणी म्हणायला नको, मिलिंदला काही वाटत नाही म्हणून त्याने दुसऱ्याच्या देवाचा धागा काढून फेकला. ज्याचं त्याचं असतं."

त्याला मिठी मारावी की त्याच्या डोक्यात पाना घालावा, मला समजेना. "आता बांधा," मी म्हटलं. "जसा बांधता तसा." त्याने हात धुतले आणि बांधला. छोट्या पंपाची दांडी आणि शेजारची लोखंडी पट्टी, दोघांना एकत्र, घट्ट, वेढ्यावर वेढा. "आता ओढा." त्याने ओढलं. मी आत बघत होते. पिचकारी नाही. "सोडा आणि ओढा." धागा सुटला, दांडी खालपर्यंत गेली, पिचकारी उडाली.

मिलिंदने धागा बोटांत धरून पाहिला. मग एका टायरवर बसला. "तीन वेळा," तो म्हणाला. "तीन वेळा मीच गाडी नीट केली, आणि तीन वेळा मीच बिघडवून दिली. हात धुऊन." आणि असा हसत सुटला की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. मीपण हसले. धागा एका स्वच्छ कागदात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवला. निघताना तो म्हणाला, "ताई, पायाचं मी जे बोललो ते मागे घेतो." मी म्हटलं, घ्याच.

रविवारी सकाळी मुकेश आला. रिक्षाने आला, कारण जाताना फियाट चालवत न्यायची होती. बिचारा एवढा तयारीने आला होता की खिशात टेप, बॉनेटवर फुलं किती लागतील ते मोजायला. त्याला चहा दिला, सगळे अंगणात जमले, आणि मी कागद उघडून धागा पाटावर ठेवला.

"गाडीचा दोष सापडला," मी सांगितलं. आणि सगळं सांगितलं, पंप, पिचकारी, मिलिंदचे धुतलेले हात. अल्पेशची चुळबुळ सुरू झाली. बाबांनी आधी धाग्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई मोरीपाशी उभी होती, ओले हात पदराला पुसत.

"मीच बांधला," ती म्हणाली. "अल्पेशला इचारलं, गारी पलते ती कशानं? त्यानं दाखवलं, ह्ये हललं का पलते. म्हनून मी तिथं बांधला. देवीला सांगितलं, माजी पोर त्या टँकरांच्या रस्त्याला चाललीय, तिची गारी जास्त पलू देऊ नको." तिने धाग्याकडे बोट केलं. "देवीनं ऐकलं. आनि तू सोडून आनलास."

अल्पेशला हसू आवरेना, मुकेशही चहाच्या कपात हसला. मला मात्र हसायला येईना, कारण आई हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. दसऱ्यापासून रोज संध्याकाळी मी येईपर्यंत ती ओट्यावर का बसायची, ते मला तेव्हा समजलं. मी तर समजत होते ती तांदूळ निवडायला बसते.

"परत बांध," आई म्हणाली. "नायतर जाऊ दे गारी मुकेशला. मना तसा जीव टांगनीला लावून जगता येनार नाय."

पाय सुटला, उचकी सुटली, आणि गाडी तरी हातची चालली. मला रडू फुटणार होतं. इतक्या खटपटीनंतर मी परत त्या गेटवर उभी राहणार, जेल लावलेल्या केसांची वाट बघत. मी पाटावरचा धागा उचलला आणि आईपुढे उजवा हात धरला.

"इथे बांध," मी म्हटलं.

"हातात?"

"इंजिनाला काय कळतं गं, आई? त्याला बांधलं तर ते बंद पडतं, टँकरच्या समोर. ते जास्त वाईट. तुला जे मागायचं ते मला माग. मला कळतं. मला बांधलंस तर मी ऐकेन."

आईने पदराने डोळे पुसले. मग तिने धागा घेतला. वेढे नीट पडले, मिलिंदपेक्षाही नीट. माझं मनगट तेलाने काळं झालं. गाठ मारताना तिचे ओठ हलत होते, पण या वेळी ती पुटपुटत नव्हती, मला ऐकू येईल असं बोलत होती. "हलू जायचं. हलू यायचं. घरी यायचं."

"हो," मी म्हटलं. "शब्द दिला."

बाबा उठले. "चला, बघू तरी," म्हणाले आणि पुढे बसले. अल्पेश आणि मुकेश मागे, आणि त्यांच्यामध्ये, कुणी सांगितलं नसताना, आई. दसऱ्यापासून ती गाडीत एकदाही बसली नव्हती. दोन्ही हातांनी तिने पुढची सीट धरली होती.

हायवेच्या चढावर मी गाडी पूर्ण थांबवली. रिक्षा स्टँडवरून हरिचंद्रकाका हात चोळत उठले, बाकीचेही उठले. टँकर गेला, दुसरा गेला, फट दिसली. मी पाय दाबला. बाबांच्यासारखा नाही, माझा, जड. फियाट एका दमात चढ चढून हायवेला लागली. आरशात हरिचंद्रकाका तसेच हात पुढे करून उभे होते, ढकलायला काहीच नसलेले. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गारी चांगली हाय. कशाला द्यायची?" मागे आईने मान डोलावली, ते मला आरशात दिसलं.

मुकेश गाडी न्यायला आला होता, आता त्याला परत जायला गाडी नव्हती. म्हणून त्याला आम्ही बदलापूर स्टेशनला सोडलं. उतरताना टेप खिशात घालत तो म्हणाला, "दीदी, लग्नाच्या सीझनला एखादा दिवस तरी द्या. ड्रायव्हरसकट." मी म्हटलं, बघू.

परत येताना रस्ता मोकळा होता. थंडीचं ऊन, समोर डोंगर, एकही टँकर नाही. आईचे हात सीटवरून कधीच सुटले होते. तिने काच खाली करून घेतली होती आणि पदर वाऱ्यावर उडत होता तरी आवरत नव्हती. एक मोटरसायकलवाला आमच्या बाजूने भुर्रकन पुढे गेला. आईला ते आवडलं नाही.

"अगो," ती पुढे वाकून म्हणाली, "आपली एवरीच पलते? जरा जोरात घे की."

बाबा हसायला लागले, अल्पेशने शिट्टी मारली. मी स्टिअरिंगवरच्या माझ्या काळ्या मनगटाकडे बघितलं आणि पाय हलका केला.